एकच डिझेल इंजिन रेल्वेत आणि युद्धनौकेत: अश्वशक्ती वेगळी का, आणि अदलाबदल होते का?

प्रश्नाचे दोन भाग आहेत. लोकोमध्ये, म्हणजे रेल्वेगाडी ओढणाऱ्या वाहनात, आणि नौदलाच्या जहाजात एकाच बनावटीचे डिझेल इंजिन बसवलेले आढळते, तर त्याची अश्वशक्ती दोन्हीकडे वेगवेगळी का लिहितात, हा पहिला भाग. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिन जहाजावर बसवता येते का, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर थोडक्यात असे, की बसवता येते, पण इंजिनाभोवतीचे जवळजवळ सगळे बदलावे लागते. ते का, हे पहिल्या भागातूनच उलगडते, म्हणून आधी तोच घेतो.

मोठ्या डिझेल इंजिनांमध्ये एक कुळ अगदी मंद गतीचे आहे आणि ते या चर्चेतून बाजूला ठेवले पाहिजे. वार्टसिला आरटी-फ्लेक्स९६सी हे १४ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला अवघे १०२ फेरे घेते, ८०,०८० किलोवॅट शक्ती देते आणि २,३०० टनांच्या वर भरते. अशी इंजिने कंटेनरवाहू जहाजांसाठी असतात. त्यांची उंची आणि वजन युद्धनौकेला परवडत नाही. रेल्वे आणि नौदल यांची गाठ पडते ती मध्यम गतीच्या, म्हणजे साधारण ७५० ते १,१०० फेऱ्यांच्या, आणि त्याहून वेगवान, म्हणजे १,५०० ते २,००० फेऱ्यांच्या इंजिनांत. मात्र फेऱ्यांच्या आकड्यावरून इंजिनाची दगदग मोजू नये. पिस्टनची सरासरी गती काढली तर त्या १०२ फेऱ्यांच्या अजस्र इंजिनात ती सेकंदाला ८.५ मीटर येते, आणि ९०० फेऱ्यांवर चालणाऱ्या, ईएमडी या अमेरिकी कंपनीच्या ६४५ या लोको इंजिनात सुमारे ७.६ मीटर. जे इंजिन 'हळू' दिसते त्याचे पिस्टन प्रत्यक्षात जास्त जोराने धावत असतात.

रेल्वे आणि नौदल यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत विंटन कंपनीचे २०१ए हे टू-स्ट्रोक इंजिन १९३४ साली बर्लिंग्टन झेफर या गाडीत बसले. आठ सिलिंडर आणि ६०० अश्वशक्तीच्या त्या इंजिनाने २६ मे १९३४ रोजी डेन्व्हर ते शिकागो हा हजार मैलांहून अधिक प्रवास न थांबता १३ तास ५ मिनिटांत पुरा केला. त्याच काळात अमेरिकेच्या नौदलाला पाणबुड्यांसाठी हलके आणि आटोपशीर डिझेल हवे होते, आणि हीच मालिका पाणबुड्यांतही गेली. दोघांची मूळ गरज एकच होती: कमी जागेत आणि कमी वजनात जास्त शक्ती. ओतीव लोखंडाच्या जड सांगाड्याऐवजी पोलादी पत्रे जोडून केलेला क्रँककेस या मालिकेत आला, तोही वजन घटवण्यासाठीच. पुढे १९३८ साली खास रेल्वेसाठी आखलेले ५६७ इंजिन आले. एका सिलिंडरचे आकारमान ५६७ घन इंच, म्हणून हे नाव. दुसऱ्या महायुद्धात हेच इंजिन रणगाडे उतरवणाऱ्या एलएसटी जहाजांत गेले, आणि ती जहाजे हजाराहून अधिक बांधली गेली.

आता अश्वशक्तीचे कोडे. बारा सिलिंडरचे ५६७ लोकोमध्ये १,००० अश्वशक्तीचे म्हणून ओळखले जाई, तर एलएसटीमध्ये त्याची नोंद ९०० अश्वशक्ती अशी होती. इथे जहाजाचा आकडा कमी आहे. याच्या अगदी उलट उदाहरण ब्रिटनमधल्या नेपियर डेल्टिकचे. त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत तीन क्रँकशाफ्ट (पिस्टनची ये-जा फिरत्या गतीत बदलणारे दांडे), १८ सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये समोरासमोर धावणारे दोन पिस्टन, अशी या इंजिनाची रचना आहे, आणि ते ब्रिटिश नौदलाच्या वेगवान गस्ती नौकांसाठी घडवले गेले. नौदलात ते २,००० फेऱ्यांवर २,५०० अश्वशक्ती देई. ब्रिटिश रेल्वेच्या क्लास ५५ लोकोमध्ये तशी दोन इंजिने बसवली, पण प्रत्येकाची शक्ती १,५०० फेऱ्यांवर १,६५० अश्वशक्तीवर बांधून ठेवली. शक्ती ३४ टक्क्यांनी उतरली, तर फेरे २५ टक्क्यांनी. याचा अर्थ प्रत्येक फेऱ्यामागे निघणारे कामही सुमारे १२ टक्क्यांनी कमी केले होते, आणि पिस्टनची गती सेकंदाला १२.३ मीटरवरून ९.२ मीटरवर आली होती. गस्ती नौकेला पूर्ण वेग क्वचित आणि थोडा वेळ लागतो. रोजची जलद प्रवासी गाडी मात्र ताशी १०० मैलांनी पळवायची असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचे असते. म्हणून लोखंड तेच असूनही पाटीवरचा आकडा खाली आणावा लागला.

एलएसटी आणि गस्ती नौका दोन्ही नौदलाच्याच, तरी एकीचा आकडा रेल्वेपेक्षा खाली आणि दुसरीचा वर, हे नीट लक्षात घ्यावे. एलएसटीला दिवसचे दिवस समुद्र कापत जायचे होते. आकडा ठरतो तो कामाच्या स्वरूपावर. शिवाय मोजण्याच्या पद्धतीही वेगळ्या आहेत. अमेरिकी लोकोच्या पाटीवर बहुधा पंखे, कंप्रेसर वगैरेंची शक्ती वजा जाऊन मुख्य जनित्राला मिळणारी शक्ती लिहितात, जहाजाच्या पाटीवर इंजिनाच्या टोकाला अखंड मिळणारी शक्ती लिहितात, आणि ती कोणत्या तापमानाला मोजली हेही महत्त्वाचे असते. वर्गीकरण संस्थांची, म्हणजे जहाजे तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांची, सामायिक अट ४५ अंश सेल्सिअस हवा आणि ३२ अंश समुद्रपाणी अशी आहे. या तीन गोष्टी न विचारता दोन इंजिनांची अश्वशक्ती शेजारी शेजारी मांडणे निरर्थक आहे.

भाराच्या स्वरूपातला फरक याहून खोल आहे. जहाजाचा पंखा (प्रोपेलर) पाणी ढकलतो आणि त्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे ८० टक्के ठेवले तर शक्ती ५१ टक्के लागते. फेरे निम्मे केले तर जेमतेम साडेबारा टक्के. म्हणजे थेट पंख्याला जोडलेल्या इंजिनावर कमी फेऱ्यांना भार आपोआप हलका होतो. लोकोमध्ये इंजिन जनित्र फिरवते आणि जनित्राकडून चाकांच्या मोटारी चालतात, त्यामुळे चालकाच्या हातातल्या आठ नॉचपैकी (शक्ती ठरवणाऱ्या पायऱ्यांपैकी) प्रत्येकाला ठरावीक फेरे आणि ठरावीक भार नेमून दिलेला असतो. गाडी चढावर ताशी २० किलोमीटरने रखडत असो वा सपाटीवर १०० ने धावत असो, आठव्या नॉचला इंजिन पूर्ण फेऱ्यांवर पूर्ण शक्तीच देत असते.

मग लोकोचे इंजिन सदैव भाराखाली असते का? मुळीच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने लांब पल्ल्याच्या लोकोसाठी जे प्रमाणित कामचक्र धरले आहे, त्यात ३८ टक्के वेळ इंजिन नुसते मंद चालत असते, १२.५ टक्के वेळ विद्युत ब्रेकिंगमध्ये जातो आणि आठव्या नॉचचा वाटा १६.२ टक्केच आहे. यार्डात डबे हलवणाऱ्या लोकोत तर मंद चालण्याचा वाटा ५९.८ टक्के आणि आठव्या नॉचचा ०.८ टक्के आहे. इतके मंद चालवण्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: अमेरिकी रेल्वे थंडावणाऱ्या पाण्यात गोठणरोधक सहसा घालत नाहीत, त्यामुळे कडाक्याच्या थंडीत इंजिन बंद केले तर पाणी सोडून तरी द्यावे लागते, नाहीतर सिलिंडर आणि रेडिएटर फुटतात. मंद चालणे, मग मिनिटभरात पूर्ण भार, पुन्हा मंद, असा हा दिनक्रम. धातूंना थकवते ती पूर्ण शक्ती नव्हे, ही गरम-गार होण्याची ये-जा जास्त थकवते. सिलिंडर हेड (सिलिंडरचे वरचे झाकण) आणि लायनर (आतले अस्तर) यांना पडणाऱ्या भेगांचे मूळ बहुतेक वेळा तिच्यात सापडते.

थंडाव्याच्या बाबतीत जहाज भाग्यवान आहे. बाहेर अथांग पाणी आहे, उष्णता विनिमयक पुरेसा मोठा ठेवला की इंजिनाचे तापमान हलत नाही. लोकोला मात्र सगळी उष्णता छपरावरच्या रेडिएटरमधून हवेत टाकावी लागते, आणि ती हवा उन्हाळ्यात तापलेली, धुळीने भरलेली, बोगद्यात तर पुढच्या लोकोच्या धुराने गरम झालेली असते. समुद्रसपाटीपासून १,००० मीटर वर गेले की हवेचा दाब ११ टक्क्यांच्या आसपास घटतो. थंडावाही कमी आणि सिलिंडरमध्ये जाणारी हवाही कमी.

याच मुद्द्यावर फेअरबँक्स-मोर्सच्या ३८डी८-१/८ या इंजिनाची कथा सांगावीशी वाटते, कारण या विषयातले इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. हे समोरासमोरच्या पिस्टनचे टू-स्ट्रोक इंजिन आहे. उभ्या सिलिंडरच्या वर एक क्रँकशाफ्ट, खाली एक, मध्ये ना हेड ना झडपा. खालचा क्रँक वरच्यापेक्षा १२ अंश पुढे ठेवलेला असतो, त्यामुळे खालच्या पिस्टनने उघडलेली धुराची छिद्रे आधी उघडतात आणि आधी मिटतात, आणि वरून येणारी ताजी हवा सिलिंडरमध्ये थोडी दाबून भरली जाते. या १२ अंशांमुळे पूर्ण भारावर सुमारे ७२ टक्के शक्ती खालच्या क्रँकशाफ्टकडून निघते. महायुद्धातल्या अमेरिकी पाणबुड्यांत या इंजिनाने उत्तम नाव कमावले, आणि पुढे अणुपाणबुड्यांतही राखीव जनित्रासाठी तेच घेतले गेले. मग युद्धानंतर ते लोकोत आले. १९५३ साली आलेल्या २,४०० अश्वशक्तीच्या ट्रेन मास्टर या लोकोची ओढण्याची ताकद वादातीत होती, पण रेल्वेच्या शेडमध्ये हे इंजिन नकोसे झाले. पाणबुडीत त्याला गार पाणी, स्वच्छ समुद्री हवा, बॅटरी भरण्याचा स्थिर भार आणि शेजारी अखंड पहारा देणारे इंजिनखलाशी मिळत. लोकोत यातले काहीच नव्हते. आणि एक पिस्टन किंवा लायनर बदलायचा तर आधी वरचा अख्खा क्रँकशाफ्ट उतरवावा लागे. सोव्हिएत संघात मात्र याच इंजिनावरून घडवलेले डी१०० टीई३ आणि टीई१० मालिकेच्या लोकोंत मोठ्या संख्येने चालले. त्यावरून माझे मत असे बनले आहे की इंजिन वाईट नव्हते. त्याला लागणारी देखभाल कोणत्या शेडला झेपते हा खरा प्रश्न होता.

ईएमडीच्या इंजिनात ही अडचण जाणूनबुजून टाळली आहे. तिथे हेड, लायनर, पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांचा एकच संच असतो. एक सिलिंडर बिघडला तर तेवढा संच क्रेनने उपसून दुसरा बसवतात आणि बाकीच्या इंजिनाला हात लावत नाहीत. तपासणीही सोपी: बाजूची झाकणे उघडून, विजेरी धरून, लायनरच्या हवाछिद्रांतून पिस्टनच्या रिंगा थेट पाहता येतात. रिंग चकाकत असेल तर ठीक. काळवंडून चिकटली असेल किंवा उभे ओरखडे दिसले तर तो सिलिंडर टिपून ठेवायचा. डेल्टिकने दुसरे टोक गाठले: बिघडले की अख्खे इंजिन काढून दुसरे ठेवायचे आणि दुरुस्ती कारखान्यात करायची. नौदलाला हे फार सोयीचे पडते, कारण जहाजाच्या पोटात मोठी दुरुस्ती करायला जागाच नसते.

आणखी एक बारकावा. ईएमडीच्या टू-स्ट्रोक इंजिनातला टर्बोचार्जर (धुराच्या जोरावर फिरून सिलिंडरमध्ये हवा भरणारा पंखा) एका एकदिशा क्लचमधून गिअरने क्रँकशाफ्टला जोडलेला असतो. टू-स्ट्रोक इंजिनाला स्वतःहून श्वास घेता येत नाही. कुणीतरी हवा फुंकावी लागते. कमी भारावर धुरात पुरेशी ऊर्जा नसते, तेव्हा इंजिनच गिअरमधून टर्बो फिरवते. भार वाढून धूर तापला की टर्बो गिअरच्या पुढे पळतो आणि क्लच सुटतो. हा क्लच घसरू लागला की सुरू होताना आणि मधल्या नॉचांना काळा धूर येतो, आणि नवखा माणूस इंजेक्टर बदलत बसतो.

पाणबुडीत हवेची अडचण वेगळ्याच तऱ्हेची असते. स्नॉर्केलमधून (पाण्याच्या वर काढलेल्या हवानळीतून) चालताना आत येणारी हवा ओढून घ्यावी लागते आणि धूर पाण्याखाली ढकलावा लागतो, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही टोकांना प्रतिकार. लाट आली की स्नॉर्केलची वरची झडप मिटते, आणि तेवढ्या वेळात इंजिन पाणबुडीतलीच हवा खेचते. आतल्या माणसांच्या कानाला ते लगेच जाणवते. धुरावरच्या अशा वाढत्या-घटत्या दाबामुळे धुरावर चालणारा टर्बो अडखळतो, म्हणून अनेक पाणबुडी इंजिनांत गिअरने फिरणारा सुपरचार्जर पसंत केला गेला. लोकोतून उचललेले टर्बो इंजिन इथे जसेच्या तसे चालणार नाही.

युद्धनौकेच्या बाकीच्या अटी रेल्वेला कधी भेडसावत नाहीत. पाण्याखालच्या स्फोटाचा हादरा इंजिनाच्या पायापर्यंत पोचू नये, आणि इंजिनाचा आवाज पाण्यात उतरू नये, यासाठी इंजिन दुहेरी लवचीक आधारांवर ठेवून वर ध्वनिरोधक पेटी घालतात. पॅक्समन व्हॅलेंटा हे इंजिन ब्रिटनच्या इंटरसिटी १२५ गाड्यांत २,२५० अश्वशक्ती देत असे, आणि तेच टाइप २३ फ्रिगेटांच्या जनित्रांतही होते. त्या फ्रिगेटांना शत्रूच्या पाणबुड्या ऐकायच्या असल्याने चारांपैकी दोन जनित्रसंच मुद्दाम पाण्याच्या रेषेच्या वर बसवले. सुरुंगशोधक नौकांत तर इंजिनाचे चुंबकत्वही कमी लागते. हंट वर्गाच्या नौकांत नऊ सिलिंडरचे डेल्टिक घेतले गेले त्यामागे हेच कारण होते.

वंगणाकडे वळतो, कारण अदलाबदलीत सर्वाधिक नुकसान इथे होते. ईएमडीच्या जुन्या इंजिनांत पिस्टनच्या पिनखालच्या बेअरिंगवर चांदीचा थर असतो. सर्वसाधारण इंजिन तेलात झीज रोखण्यासाठी जस्ताचे संयुग असते, आणि ते चांदीला खाते. जहाजावर दुसऱ्या इंजिनांसाठी आणलेले उत्तम प्रतीचे तेल या इंजिनात ओतले तर काही दिवसांत तेलाच्या तपासणीत चांदी दिसू लागते. वापरलेल्या तेलाचा वर्णपट काढून त्यातले धातू मोजण्याची ही पद्धत आधी अमेरिकी रेल्वेने १९४० च्या दशकात रुजवली आणि नौदलाने तिथून उचलली. तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंग, लोखंड आणि क्रोमियम वाढले तर लायनर-रिंगा, सिलिकॉन वाढले तर हवेच्या गाळणीतून धूळ, सोडियम किंवा बोरॉन दिसले तर तेलात पाणी. पाहायचा असतो तो एकटा आकडा नव्हे, तर मागच्या नमुन्यापासूनची चढण.

सुरू करण्यापूर्वीची एक सवय दोन्हीकडे सारखीच पाळावी. इंजिन बराच काळ बंद असेल तर सगळ्या सिलिंडरचे चाचणी कॉक उघडून ते हाताने पूर्ण फेरा फिरवावे. कॉकमधून पाणी उडाले तर तो सिलिंडर गळतो आहे. हे न तपासता इंजिन सुरू केले असते तर दाबले न जाणारे पाणी पिस्टनला आडवे येऊन रॉड वाकला असता. आणि क्रँककेसमधला दाब वाढून इंजिन आपोआप बंद पडले, तर दार लगेच उघडू नये. आत एखादे बेअरिंग तापून तेलाची वाफ झालेली असते, आणि दार उघडले की तिला हवा मिळते. ईएमडीच्या सूचनांत किमान दोन तास थांबायला सांगितले आहे. १९४७ साली रेना देल पॅसिफिको या मोटरजहाजाच्या चाचणीत क्रँककेसच्या स्फोटांनी २८ जणांचा बळी घेतला, आणि दाब सोडणाऱ्या झडपांचा आग्रह त्यानंतर वाढला.

आता निवृत्त लोको इंजिन जहाजावर बसवण्याबद्दल. ईएमडी ६४५ मालिकेची इंजिने टगबोटींत पुष्कळ चालतात, तेव्हा शक्यतेचा प्रश्न नाही. रेडिएटरच्या जागी समुद्रपाण्याचा विनिमयक आणि पंप येतात. लोको वळणावर फार तर सहा अंशांच्या आसपास कलते, तर जहाजाच्या मुख्य इंजिनाने १५ अंशांच्या स्थिर कलाला आणि २२.५ अंशांच्या डोलण्याला तेलाचा दाब टिकवला पाहिजे. म्हणून तेलाची टाकी आणि तिचे शोषण बदलावे लागते. २२० अंशांहून तापणारा प्रत्येक पृष्ठभाग, म्हणजे धुराचा अख्खा मार्ग आणि टर्बो, झाकावा लागतो, कारण इंधनाची बारीक गळती त्यावर पडली की इंजिनखोली पेटते. उच्चदाबाच्या इंधननळ्या दुहेरी आवरणाच्या लागतात. इंधनाचा ज्वलनांक (त्याची वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) जहाजावर किमान ६० अंश हवा. रेल्वेत चालणारे डिझेल त्याहून खालच्या ज्वलनांकाचे असू शकते. युद्धनौका नसेल तर नायट्रोजन ऑक्साइडच्या आंतरराष्ट्रीय मर्यादाही पाळाव्या लागतात, आणि जुन्या टू-स्ट्रोकला ते जड जाते. अमेरिकेत २०१५ च्या मर्यादा आल्यावर ईएमडीने नव्या लोकोंसाठी ७१० हे टू-स्ट्रोक इंजिन सोडून फोर-स्ट्रोक १०१०जे घेतले.

हे सगळे पैसे खर्चून होते. खरी गोम क्रँकशाफ्टच्या पिळाच्या कंपनांत आहे. लोकोत क्रँकशाफ्टच्या टोकाला जनित्राचे जड रोटर थेट जोडलेले असते, आणि आठही नॉचचे फेरे त्या जोडीच्या घातक कंपनगतीपासून दूर निवडलेले असतात. जहाजावर रोटरच्या जागी कपलिंग, गिअरबॉक्स, लांब शाफ्ट आणि पंखा आला की सगळ्या मालिकेची कंपनगती सरकते, आणि पंख्याच्या जहाजात फेरे नॉचांवर न थांबता मधल्या प्रत्येक आकड्यातून जातात. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी त्या नेमक्या शाफ्टमालिकेचा पीळ-कंपनांचा हिशेब करून घ्यावा, वर्गीकरण संस्थेकडून तो मंजूर करून घ्यावा, आणि एखादा पट्टा घातक निघाला तर तो फेरेमापकावर तांबड्या रंगाने आखून तिथे इंजिन न थांबवता झपाट्याने पार करण्याची सूचना ब्रिजवर (जहाज हाकण्याच्या कक्षात) आणि इंजिनखोलीत, दोन्ही ठिकाणी लावावी. तो पट्टा जहाजाच्या नेहमीच्या प्रवासवेगावरच पडत असेल, तर कपलिंग किंवा डॅम्पर (कंपन शोषणारा भाग) बदलून तो तिथून हलवता येतो का, हे आधी पाहावे. हलत नसेल, तर ते इंजिन त्या जहाजासाठी घेऊ नये.